गरीब शब्दांच्या मुळाशी

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

प्रथम वर्षाचा प्रवेश-अर्ज भरताना 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझे पेन अडले होते. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्या मुलींच्या अर्जांवर 'शिक्षक', 'वकील', 'व्यापार' असे शब्द दिसत होते. मी 'खाजगी नोकरी' असे लिहून मोकळी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज वाचून पाहणारे घरी कोणी नव्हते. खोटे खपून गेले, पण मनातून गेले नाही.

पुढे सहामाहीच्या सुमारास इतिहासाच्या तासाला सरांनी पेशवेकालीन पत्रे वाचून दाखविली. या पत्रांतील कितीतरी शब्द फारशी आहेत आणि त्या फारशी शब्दांपैकी पुष्कळ मूळचे अरबी आहेत, असे ते म्हणाले. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) पाहा, असेही त्यांनी सुचविले. मी ग्रंथालयात गेले. सर्वांत आधी कोणता शब्द शोधला, हे लपविण्यात अर्थ नाही. 'हमाल' हा शब्द अरबी आहे एवढे कळले आणि पुढचे कुतूहल घेऊन मी आमच्या चाळीतल्या चाचांकडे गेले. चाचा उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक. अरबी व्याकरण त्यांनी तरुणपणी घोकलेले आहे. ते म्हणाले, "बेटी, अरबी शब्द कोशात सरळ सापडत नाही. आधी त्याची हाडे मोजावी लागतात."

त्या दिवसापासून मी जे शिकत गेले, त्यातील थोडेसे या लेखात मांडते. मी अरबीची पंडित नाही. चाचांच्या बाकावर बसून वर्षभर कोश चाळणारी विद्यार्थिनी आहे. चूकभूल जाणत्यांनी पोटात घालावी.

हाडे आणि साचे

संस्कृतात जसा धातू, तसे अरबीत शब्दाचे मूळ. बहुतेक मुळे तीन व्यंजनांची असतात. ही व्यंजने म्हणजे चाचांची 'हाडे'. त्यांच्यामधले स्वर बदलले, पुढे-मागे एखादे अक्षर जोडले, की नवा शब्द उभा राहतो. क-त-ब हे लिहिण्याचे मूळ. कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तूब म्हणजे लिहिलेले, मक्तब म्हणजे लिहिण्याची जागा, शाळा किंवा कचेरी, आणि किताब तर आपल्या ओळखीचाच. कोशात 'मक्तब' शोधायचा तर 'म' उघडून चालत नाही. 'क'पाशी जावे लागते.

गंमत अशी की, याच मुळाचा एक जुना अर्थ 'जोडणे, टाचणे' असा आहे. वाळवंटात पाण्याची कातडी पखाल शिवून बंद करण्यालाही हेच क्रियापद लावीत. सैनिकांच्या तुकडीला 'कतीबा' म्हणत, कारण तीही माणसे जोडून होते. अक्षराला अक्षर टाचणे म्हणजे लिहिणे! पखाल शिवणारा आणि ग्रंथ लिहिणारा यांना भाषेने एकाच मुळाशी बसविले आहे.

शब्द ज्या साच्यात ओतला जातो त्या साच्याला अरबी व्याकरणात 'वझन' म्हणतात. म्हणजे आपले वजनच. मधले व्यंजन दुहेरी करून पुढे 'आ' लावला, की 'ते काम सतत, धंदा म्हणून करणारा' असा अर्थ होतो. ह-म-ल म्हणजे वाहणे, उचलून नेणे. त्यावरून हम्माल. स-र-फ या मुळावरून नाणी पालटून देणारा सर्राफ. द-ल-ल म्हणजे वाट दाखविणे, त्यावरून दल्लाल. मराठीने दुहेरी व्यंजने सैल केली आणि हमाल, सराफ, दलाल असे शब्द आपल्या बाजारात आले. हाच साचा एखाद्या गुणाची अतिशयताही दाखवितो. गफ्फार म्हणजे अत्यंत क्षमाशील, रज्जाक म्हणजे सर्वांना पोसणारा. ही ईश्वराची नावे आहेत आणि तीही याच साच्यातली. यार्डात सराफ, दलाल आणि हमाल यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असतील. व्याकरणात ते एकाच पंक्तीला बसतात. हे कळले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

गरीब म्हणजे कोण?

आता मुख्य विषयाकडे वळते. अरबी पंडितांनी दुर्मिळ, क्वचित आढळणाऱ्या, अर्थ चटकन न कळणाऱ्या शब्दांना एक खास नाव दिले आहे. ते नाव आहे 'गरीब'.

मूळ ग-र-ब, यातला ग घशातला, 'गैन' नावाच्या अक्षराचा. दूर जाणे, दृष्टीआड होणे हा या मुळाचा एक प्रमुख अर्थ. सूर्य दृष्टीआड होतो ती वेळ मगरिब आणि ती दिशाही तीच. मोरोक्को देशाचे अरबी नाव 'अल-मग्रिब', कारण तो अरबांच्या पश्चिमेला. आणि घरापासून दूर आलेला, परक्या मुलखात पडलेला माणूस तो गरीब. अरबीत या शब्दाचा अर्थ 'परका', 'अनोळखी', 'विलक्षण' असा आहे. फारशीत तो येता येता परक्याचा बापडा झाला, बापड्याचा निर्धन झाला, आणि मराठीत पैसा नसलेला एवढाच अर्थ मुख्यतः उरला.

याच तीन अक्षरांचा 'गुराब' म्हणजे कावळा. जुने अरब त्याला ताटातुटीचा अपशकुन मानीत. पुढे हेच नाव एका जातीच्या गलबताला पडले आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातून आपल्या इतिहासाच्या पुस्तकात 'गुराब' म्हणून आले. अशी ही तीन अक्षरे वाळवंटातून कोकण किनाऱ्यापर्यंत पोचलेली.

तेव्हा 'गरीब' शब्द म्हणजे दरिद्री शब्द नव्हेत; ते परके वाटणारे शब्द. कुराणातील आणि हदीसमधील अशा शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. अबू उबैद (मृत्यू ८३८) या पंडिताने हदीसमधील गरीब शब्दांच्या ग्रंथासाठी चाळीस वर्षे वेचली, असे सांगतात. परंतु माझ्या मनात प्रश्न आला तो असा: शब्द परका, पण कोणाला? तो कुठेतरी कोणाच्या तरी तोंडी असणारच ना?

अर्थ कोणापाशी होता?

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या तीन कथा परंपरेने सांभाळल्या आहेत.

पहिली कथा 'अब्ब' या शब्दाची. कुराणात तो एकदाच, फळांच्या जोडीने येतो. दुसरे खलीफा उमर (कारकीर्द ६३४–६४४) तो वाचताना थबकले. फळे तर ठाऊक आहेत, पण अब्ब म्हणजे काय, असे ते म्हणाले, अशी कथा आहे. बहुतेक भाष्यकारांनी पुढे त्याचा अर्थ गुरांचा चारा, कुरण असा दिला. फळ माणसासाठी आणि अब्ब जनावरांसाठी.

दुसरी कथाही उमर यांचीच. ख-व-फ या मुळाचा नेहमीचा अर्थ भीती. हिंदी चित्रपटातला 'खौफ' तो हाच. पण 'तखव्वुफ' हा शब्द एके ठिकाणी असा आला की, भीतीने तेथे समाधान होईना. त्यांनी लोकांना विचारले. तेव्हा हुधैल टोळीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, हा आमच्याकडचा शब्द आहे. याचा अर्थ हळूहळू कमी होत जाणे, झिजत जाणे. पुरावा म्हणून त्याने एका कवितेचा दाखला दिला. त्यात खोगिराने झिजत चाललेले उंटाचे मदार होते.

तिसरी कथा मला सर्वांत प्रिय आहे. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास हे कुराणाचे थोर जाणकार. पण आकाश आणि पृथ्वी यांचा 'फातिर' या पदाचा नेमका अर्थ आपल्यालाही उलगडला नव्हता, असे ते सांगत. एक दिवस दोन बदाऊनी एका विहिरीवरून भांडत त्यांच्यापुढे आले. त्यांतला एक तावातावाने म्हणाला की, या विहिरीला पहिला फोड मीच घातला आहे. त्यासाठी त्याने वापरलेले क्रियापद फ-त-र या मुळाचे होते. इब्न अब्बासांना अर्थ सापडला: ज्याने प्रथम आरंभ केला तो. याच मुळाचा मूळ भाव फोडणे, चिरणे असा आहे. उपवास 'फोडतात' तो इफ्तार त्यातलाच.

वाचकहो, या तिन्ही कथा खऱ्या घडल्या तशाच उतरल्या असतील, असे मी म्हणत नाही. पण अरबी परंपरेने त्या अभिमानाने जतन केल्या, हे महत्त्वाचे. खलीफा अडतो आणि टोळीतला म्हातारा सांगतो. पंडित अडतो आणि विहीर खणणारा सांगतो. अर्थ ग्रंथात नव्हता. तो कामात होता.

बसऱ्याचे मार्केट यार्ड

पुढे आठव्या-नवव्या शतकांत बसरा आणि कूफा या इराकमधील शहरांतल्या पंडितांनी हेच काम पद्धतशीरपणे केले. बसरा शहराच्या कडेला मिरबद नावाचा बाजार होता. तेथे वाळवंटातले बदाऊनी उंट घेऊन उतरत. पंडित शाई-कागद घेऊन तेथे जात आणि त्यांचे बोलणे टिपून घेत. अल-किसाई या वैयाकरणाने वाळवंटात जाऊन शब्द टिपताना शाईच्या पंधरा कुप्या संपविल्या, असे सांगतात. अल-अस्मई याने उंटांवर वेगळा ग्रंथ लिहिला आणि घोड्यांवर वेगळा.

अशा संग्रहांतून जे शब्द वाचले त्यांचा एक नमुना देते. उंटांना एक दिवस पाणी पाजायचे आणि एक दिवस नाही, या पद्धतीला 'गिब्ब' म्हणत. शहरातल्या वाचकाला हा शब्द गरीब. पण आमच्या चाळीत नळाला दिवसाआड पाणी येते. त्यामुळे मला तो लगेच समजला. पुढे एक दिवस येणारा आणि एक दिवस सोडणारा तापही 'गिब्ब'चा ताप झाला. आपल्याकडे त्यालाच एकांतरा म्हणतात. पाणी पाजण्यातले अंतर जसजसे वाढे तसतसा शब्द बदले. पाण्यावर जगणे-मरणे अवलंबून असले की, भाषाही पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवते.

जनावरांच्या संगतीतून आलेले काही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, पण त्यांचे मूळ आपण विसरलो आहोत. 'अक्कल' घ्या. उंट पळून जाऊ नये म्हणून त्याचा पुढचा पाय दुमडून ज्या दोरीने बांधतात ती 'इकाल'. तेच मूळ, तीच अक्षरे. माणसाला भलतीकडे जाण्यापासून अडविते ती अक्कल. 'हुकूम', 'हाकीम', 'हिकमत' यांचे मूळ ह-क-म. घोड्याला आवरणाऱ्या लगामातल्या एका भागाला 'हकमा' म्हणतात. दहाव्या शतकातील इब्न फारिस (मृत्यू १००४) याने प्रत्येक मुळाचा गाभा शोधणारा कोश रचला. त्याने या दोन्ही मुळांचा गाभा 'आवरणे, अडविणे' असाच दिला आहे. आणि उर्दूतली 'सियासत', म्हणजे राजकारण, व आपल्याकडचा घोड्यांची निगा राखणारा 'सईस' हे सख्खे भाऊ आहेत.

वापरलेली आणि टाकलेली मुळे

दुर्मिळ मुळांचा विचार गणिताने करणारा पहिला पंडित म्हणजे अल-खलील इब्न अहमद. हा आठव्या शतकात बसऱ्यास होऊन गेला. त्याने असा विचार केला: अक्षरे अठ्ठावीस. त्यांतली तीन वेगवेगळी अक्षरे घेऊन किती मुळे होऊ शकतील? २८ × २७ × २६ म्हणजे १९,६५६. एवढ्या सगळ्या जुळण्या भाषेत नसणार. मग प्रत्येक जुळणी तपासायची. जी बोलण्यात आहे ती 'मुस्तमल', म्हणजे वापरातली. जी नाही ती 'मुहमल', म्हणजे सोडून दिलेली. क-त-ब याच अक्षरांची अदलाबदल करून पाहा: क-ब-त म्हणजे दडपणे, ब-क-त म्हणजे खडसावणे, ब-त-क म्हणजे कापणे. सहा जुळण्यांपैकी चार त्याने वापरातल्या धरल्या.

खलीलने अक्षरांचा क्रमही उच्चाराच्या स्थानांवरून लावला. घशातल्या 'ऐन'पासून आरंभ आणि शेवटाकडे ओठांतली अक्षरे. म्हणून त्याच्या कोशाचे नावच 'किताब-उल-ऐन'. आपल्या वर्णमालेतही कंठ्य 'क'पासून ओष्ठ्य 'प'पर्यंतची वाट हीच आहे, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल.

अमुक अक्षरे शेजारी नांदत नाहीत, असेही नियम त्याने शोधले. एका बदाऊन्याने आपली उंटीण 'हुअखुअ' चरत असल्याचे सांगितले. घशातल्या अक्षरांचा हा गुंता ऐकून पंडित हबकले. त्यांनी जाणत्या लोकांकडे चौकशी केली. बहुतेकांनी असा शब्द नाही म्हणून सांगितले, एकाने ती औषधी वनस्पती असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या एका बदाऊन्याने खरा शब्द 'खुअखुअ' असल्याचा निर्वाळा दिला. एका झुडपाच्या नावासाठी एवढी चौकशी!

दुर्मिळ शब्दांचा नाद फार लागला की काय होते, याचीही एक कथा आहे. ती दोघा-तिघांच्या नावावर सांगतात. एक वैयाकरण रस्त्यात कोसळला. लोक भोवती जमले. शुद्धीवर येताच त्याने 'का जमलात, पांगा' एवढेच सांगितले, पण असे निवडक गरीब शब्द वापरून की, कोणालाच काही कळेना. तेव्हा गर्दीतला एक म्हणाला, सोडा याला, याच्या अंगातला सैतान हिंदी बोलतो आहे! त्याने 'पांगा' यासाठी वापरलेला शब्द फ-र-क-अ या चार अक्षरी मुळाचा होता. त्या मुळाचा भाव तडतडणे, फुटणे असा आहे, आणि आजच्या अरबीत फटाक्यांचे नाव याच मुळावरून येते. रस्त्यातल्या लोकांना गरीब वाटलेल्या शब्दाचे मूळ आज पोरांच्या तोंडी आहे.

दुसरा भाग, जो निघालाच नाही

हे शब्द आपल्यापर्यंत कसे पोचले, यात एका हिंदुस्थानी माणसाचा मोठा वाटा आहे. मुर्तझा अल-झबीदी हा १७३२ साली उत्तर प्रदेशातील बिलग्राम येथे जन्मला, शिकण्यासाठी येमेनला गेला आणि अखेर कैरोत स्थायिक झाला. त्याने 'ताज-उल-अरूस', म्हणजे 'वधूचा मुकुट', हा प्रचंड कोश रचला. तो स्वतः अरबस्तानात गरीबच होता, परक्या मुलखातून आलेला.

एडवर्ड विल्यम लेन या इंग्रज पंडिताने १८४२ पासून सात वर्षे कैरोत राहून मुख्यतः याच कोशाच्या आधारे अरबी-इंग्रजी कोशाचे काम केले. त्याचा पहिला खंड १८६३ मध्ये निघाला. लेन १८७६ मध्ये वारला आणि शेवटचा खंड १८९३ मध्ये बाहेर पडला. लेनने योजना दोन भागांची केली होती. पहिल्या भागात प्रचलित शब्द आणि दुसऱ्या भागात दुर्मिळ शब्द. पहिल्या भागाचेच शेवटचे खंड तो पूर्ण करू शकला नाही. दुसरा भाग निघालाच नाही. हे वाचून मला वाईट वाटले. सर्वांना ठाऊक असलेल्यांची नोंद आधी आणि गरिबांची नोंद नंतर, वेळ उरला तर. ही रीत कोशातच आहे असे नाही.

एक सावधगिरी

मुळे शोधण्याचा छंद लागला की, जिकडे-तिकडे नाती दिसू लागतात. मलाही तसे झाले. 'नजर' आणि 'नजराणा' या बहिणी असाव्यात, असे मी मोठ्या उत्साहाने चाचांना सांगितले. चाचा हसले. अरबीत या दोहोंतला 'ज' वेगवेगळ्या अक्षरांचा आहे. पाहण्याच्या 'नजर'वरून मंजूर, म्हणजे पाहून मान्य केलेले. आणि नजराणा ज्यावरून आला त्या 'नज्र'चा अर्थ नवस. देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात एवढेच. तसेच 'कलम' हा शब्द अरबी साच्यात चपखल बसतो, पण तो ग्रीक भाषेतून तेथे आलेला पाहुणा आहे. चेहरा पाहून नाते सांगू नये, हाडे मोजावीत.

शेवटी

यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'हमाल' असे लिहिले. घरी येऊन आप्पांना शब्दाची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तिकडेही पोती पाठीवरच नेतात का गं?" मला उत्तर देता आले नाही. पण त्यांना जे सुचले ते कोशात कोठे सुचले नव्हते. बदाऊन्याला पंडिताने विचारावे, तसे मी आता त्यांना विचारते. थप्पी कशी लावतात, कोणत्या मालाला आकडा लावायचा आणि कोणत्याला नाही, तोलाई आणि वाराई यांत फरक काय. एका शंभरपानी वहीत मी हे शब्द अर्थासह लिहीत आहे. सतरा पाने झाली आहेत. माझ्या वर्गात त्यांतले निम्मे शब्द गरीब ठरतील.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील शेतात, वीटभट्टीवर, मागावर, भाजीच्या पाटीपाशी राबतात. त्यांच्या बोलण्यातले शब्द आपण कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत येतो. ते कोणीतरी टिपून ठेवले पाहिजेत. मिरबदच्या बाजारात जायला पंडितांना शहर सोडून बाहेर पडावे लागले होते. आपल्याला फक्त घरी जायचे आहे.